दोन टक्के पाणी गेलं तर म्हादईचं काय जातं?

कर्नाटकात उगम पावून गोव्यात मांडवी होणाऱ्या म्हादई नदीचा विषय निघाला की एक हिशेब हमखास पुढे येतो. पाणीतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, तेव्हा या नदीतलं '७५ टक्के भरवशाचं' पाणी धरलं १८८.०६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं कर्नाटकाच्या वाट्याला आलं १३.४२, महाराष्ट्राच्या १.३३ आणि गोव्याच्या २४. कर्नाटकाच्या वाट्यातलं खोऱ्याबाहेर, म्हणजे मलप्रभा नदीत, वळवायचं पाणी ३.९ टीएमसी. कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८. भागाकार केला तर दोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्याने कुठे नदी मरते का, असं घाटावरचे, म्हणजे कर्नाटकातले, विचारतात. आणि पणजीत सभेला उभा राहिलेला वक्ता, पक्ष कुठलाही असो, म्हादई आमची आई आहे असं म्हणून टाळ्या घेतो आणि खाली बसतो.

भागाकार चुकलेला नाही. भावनाही खोटी नाही. पण नदीची आजची प्रकृती कशी आहे हे यातल्या एकातूनही कळत नाही, आणि ते ठाऊक असल्याशिवाय दोन टक्क्यांनी काय होईल हे कुणालाच सांगता येणार नाही. अनेक राज्यांत किंवा देशांत वाटल्या गेलेल्या खोऱ्यांची प्रकृती तपासायची रीत गेल्या काही दशकांत जगभर घडत गेली. ती म्हादईला लावायची म्हटली तर काय काय बघावं लागेल, ते इथे सोपं करून सांगतो.

खोरं म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी एकाच नदीत उतरतो ती सगळी जमीन. नदीचं पात्र हा त्याचा अगदी लहान भाग. म्हादईचं खोरं २,०३२ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातलं ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात आणि उरलेलं १,५८० गोव्यात. नदी उगम पावते कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात. कणकुंबीच्या आसपास पाणलोटाची रेषा इतकी बारीक आहे, की मलप्रभा तिथूनच पूर्वेला निघून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते, तर कळसा नाल्याचं पाणी पश्चिमेला म्हादईत उतरून अरबी समुद्रात येतं. पाणी वळवायची कल्पना सुचली ती या भूगोलामुळेच. तिला मिळणाऱ्या वाळवंटी नदीला येणारं काही पाणी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या विर्डीकडचं. दूधसागरचा धबधबा खांडेपार नदीत येतो, आणि त्याच नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी फोंड्यापासून पणजीपर्यंतच्या नळांना येतं. डिचोलीची नदी, म्हापशाची नदी, सगळ्या खाली येऊन हिलाच मिळतात आणि मांडवी होतात. तीही एकटी नाही, कुंभारजुव्याचा फाटा तिला जुवारीशी जोडतो. खोऱ्याचा जवळजवळ ७८ टक्के भाग आपल्याच गोव्यात आहे, हे वाक्य मात्र सभांमधून ऐकू येत नाही.

आता टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. '७५ टक्के भरवशाचं' म्हणजे शंभर वर्षांतली पंचाहत्तर वर्षं तरी वर्षाकाठी एवढं किंवा याहून जास्त पाणी येतं. धरणं आणि कालवे आखायला हे माप सोयीचं, त्यासाठीच ते आहे. पण ते अख्ख्या वर्षाचं माप आहे, आणि आपल्याकडे वर्षाच्या पावसातला सुमारे नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वर्षाला किती खंडी भात पिकतं यावरून मे महिन्यात घरात चूल पेटते की नाही ते सांगता येत नाही, तसं हे आहे. मासा, खेकडा, काठावरची झाडं यांना वार्षिक बेरजेशी देणंघेणं नसतं. त्यांचं सगळं चालतं ते कुठल्या महिन्यात, कुठल्या ठिकाणी, किती दिवस किती पाणी आहे यावर.

म्हणून नदीची प्रकृती बघणारे लोक वर्षाचा प्रवाह तुकड्यांत पाहतात. मिरगाचा पहिला लोंढा हा एक तुकडा. आषाढ-श्रावणातले पूर हा दुसरा. दिवाळीनंतर हळूहळू उतरत जाणारं पाणी तिसरा, आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा बारीक झरा चौथा. प्रत्येकाचं काम वेगळं. पहिल्या लोंढ्यात चढणीचे मासे वर निघतात. शेतांत, ओहळांत, उथळ जागी शिरून अंडी घालतात. सत्तरीतल्या पोरांना हा दिवस कॅलेंडर न बघता कळतो. पुराचं काम दांडगं असतं. तो तळातला गाळ उपसतो, दगडगोटे धुतो, वाळू खाली आणतो आणि खाडीतलं खारं पाणी समुद्राकडे ढकलून देतो. उतरत्या पाण्यात पिल्लं वाढतात. आणि उन्हाळ्यातला तो बारीक झरा कोंडी, म्हणजे पात्रातले डोह, एकमेकांशी जोडून ठेवतो. झरा तुटला की प्रत्येक कोंड एकटी पडते, तिच्यातलं पाणी तापतं, प्राणवायू कमी होतो, आणि आतले मासे खंड्याच्या आणि जाळीच्या आयते हाती लागतात.

असं पाहिलं की 'दोन टक्के' या आकड्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. कळशातले १.७२ टीएमसी पावसाळ्याच्या चार महिन्यांत सारख्या गतीने उचलले असं क्षणभर धरू. सेकंदाला सुमारे ४,६०० लिटर पडतात. श्रावणात उसगावच्या पुलाखालून जाणाऱ्या लाल लोंढ्यात एवढं पाणी कमी झालेलं कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण कळसा नाल्याच्या मुखाशी तेवढंच पाणी म्हणजे त्या नाल्याचा मोठा हिस्सा. जिथून उचलायचं तिथे सगळ्यात जास्त फरक, आणि खाली येत येत दुसरे नाले मिळत जातात तसा तो पातळ होत जातो. 'नदीवर परिणाम होईल का' असा एकच प्रश्न विचारला की एकच उत्तर मागावं लागतं, आणि भांडण तिथेच सुरू होतं. विचारायला हवं ते कणकुंबीला किती, साखळीला किती, गांज्याला किती, आणि कुठल्या महिन्यात किती. आणि पाणी सारख्या गतीने न उचलता जूनच्या सुरुवातीलाच अडवलं तर पहिल्या लोंढ्याचं काय, हा त्यातला सगळ्यात नाजूक उपप्रश्न. चढणीच्या माशांना सप्टेंबरमध्ये भरपाई देता येत नाही.

भारतात नदीसाठी किती पाणी राखायचं याचा एक सरकारी नमुना आहे तो गंगेचा. ऑक्टोबर २०१८ मधल्या केंद्राच्या अधिसूचनेने गंगेच्या वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५ टक्के, आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे असं ठरवलं. हे आकडे पुरेसे आहेत का यावर वाद आहेत, आणि माझ्या मते हिमनद्यांवर वाढलेल्या नदीचं माप सह्याद्रीतल्या नदीला तसंच्या तसं लावण्यात अर्थ नाही. पण महिन्याप्रमाणे विचार करायची पद्धत घेण्यासारखी आहे. ती अधिसूचना गंगेपुरतीच आहे.

उन्हाळ्यातलं पाणी येतं कुठून, हाही प्रश्न विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर आपल्याला अडचणीचं आहे. मार्चनंतर नदीत जे वाहतं ते पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी. जांभ्या दगडाचे सडे आणि त्याखालची जंगलं ते पाणी पितात आणि झऱ्यांतून सावकाश सोडतात. सडा खोदला, त्यावर वसाहत किंवा क्रशर आणला, डोंगर कापला, की झरे लवकर आटतात. डिचोली आणि सत्तरीच्या खाणपट्ट्यात खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, तेव्हा आतलं पाणी पंपाने बाहेर काढलं गेलं आणि आजूबाजूच्या विहिरी खाली गेल्या, हे त्या गावांतल्या लोकांना सांगावं लागत नाही. तेव्हा म्हादईचा उन्हाळी प्रवाह मोजताना कमी भरला, तर कारण दर वेळी घाटावरच सापडेल असं नाही.

गोव्यात नदीचा अर्ध्याहून जास्त भाग हा नदीही असतो आणि खाडीही. भरतीचं पाणी मांडवीतून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत चढतं. भरतीची लाट तिथे पोचते म्हणजे खारटपणाही तितकाच पोचतो असं नव्हे, तो त्याच्या बराच अलीकडे थांबतो. किती अलीकडे, हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरतं. पावसाळ्यात गोडं पाणी इतकं जोरात येतं की खारं पाणी मुखाजवळच कोंडून पडतं. पाऊस थांबला की ते पुन्हा चढायला लागतं आणि मे अखेरीपर्यंत चढतच राहतं. समुद्राच्या दर किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, वरच्या नदीत जवळपास काहीच नसतं, आणि या दोन टोकांमधला पट्टा वर्षभर खाली-वर होतो. तिसऱ्या, खुबे, शेवटे, काळुंदर, चणक, कोळंबी, चोडणची तिवरं, कुंभारजुव्याच्या चिखलात ऊन खाणाऱ्या मगरी, सगळ्यांचं बस्तान या खाली-वर होण्याभोवती बसलेलं आहे.

अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत याच गोष्टीवरून एक साधं माप निघालं. तळाशी दर किलो पाण्यात दोन ग्रॅम मीठ सापडतं ती जागा समुद्राच्या तोंडापासून किती किलोमीटर आत आहे, एवढंच मोजायचं. वरच्या धरणांतून पाणी कमी सोडलं की ही जागा आत सरकते, जास्त सोडलं की बाहेर. तिथल्या शास्त्रज्ञांना दिसलं की बऱ्याच माशांची संख्या या अंतराशी बांधलेली आहे. १९९० च्या दशकापासून फेब्रुवारी ते जून या काळात ही रेषा कुठे राहिली पाहिजे, हे तिथल्या पाणीवाटपाच्या नियमातच घातलं आहे. टीएमसीसारखा आकडा शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. ही रेषा दिसते, चाखताही येते. म्हादईसाठी एकच माप निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन. दर वर्षी मार्च, एप्रिल आणि मेमध्ये, भरतीच्या टोकाला, खारट पाण्याची रेषा कुठल्या गावापाशी आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि जुवारीच्या भरती-ओहोटीचा आणि खारटपणाचा अभ्यास अनेक वर्षं केला आहे, तेव्हा सुरुवात शून्यापासून करायची गरज नाही.

खाजन शेतीला तर ही रेषा म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न. बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या या जमिनीत मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, दारं ओहोटीला आपोआप उघडतात आणि भरतीला मिटतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याने शेतातलं मीठ धुऊन निघतं आणि कोरगूटसारखं, थोडा खारटपणा सोसणारं भात उभं राहतं. थोडा, हे महत्त्वाचं. नदीतलं गोडं पाणी उशिरा आलं किंवा कमी आलं तर धुणं अपुरं राहतं. बांध फुटला तरी परिणाम तोच. म्हणून खाजनात मीठ वाढलं तर कारण वर नदीत आहे की जवळच्या मोडक्या मानशीत, हे वेगळं काढावं लागतं. प्रकृती तपासणं म्हणतात त्याचा अर्धा भाग हाच, लक्षण दिसल्यावर कारणांची गल्लत न करणं.

पाण्याच्या रासायनिक तपासणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त माहीत असते तीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मापाप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित ठरले, त्यात गोव्यातले ११ होते. ती यादी जवळजवळ पूर्णपणे बीओडीवर बेतलेली आहे. म्हणजे सांडपाणी कमी झालं की पट्टा यादीतून बाहेर येतो, तिथे मासा परतला की नाही याची चौकशी न होता. शिवाय मांडवीसारख्या ठिकाणी नमुना कधी घेतला यावर बरंच अवलंबून. पणजीला ऐन भरतीत बाटली भरली तर तुम्ही समुद्र तपासता, ओहोटीच्या शेवटी भरली तर सांतिनेजच्या ओढ्यातून आणि म्हापशाकडून आलेलं पाणी. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असतं म्हणून आकडा छान येतो, पहाटे तोच कोसळलेला असतो. अहवालात तारीख असते. वेळ आणि भरतीची अवस्था पण हवी.

बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. तळाच्या दगडाखाली राहणारा किडा मात्र गेले कित्येक महिने तिथेच असतो, आणि या काळात नदीला जे झालं ते सगळं त्याने सोसलेलं असतं. नदीतज्ज्ञांना हे जीव आवडतात ते यामुळे. पद्धत अगदी साधी. ओढ्यात गुडघाभर पाण्यात बारीक जाळी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. ते पांढऱ्या ताटात काढायचे आणि कुठल्या कुळातले आहेत ते ओळखायचं. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिलेले असतात. स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याशिवाय न जगणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या अळीला दहा. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या बऱ्याच अळ्यांना वरचे गुण. चतुर आणि टाचणी यांची पिल्लंही सापडतात, त्यांचे गुण मधले-वरचे. कमी प्राणवायूत तगणाऱ्या लालचुटूक रक्तकिड्यांना दोन, गाळातल्या गांडुळवर्गी जीवांना एक. बेरीज करायची, कुळांच्या संख्येने भागायचं, आणि त्या जागेचा आकडा मिळतो. ही गुणपद्धत मूळची ब्रिटनमधली. आपल्या केंद्रीय मंडळाने तिच्यावरून भारतासाठी जैविक कसोटी बनवली, तिच्यात एक आकडा प्रदूषण सोसण्याचा, ० ते १० मधला, आणि दुसरा जिवांच्या विविधतेचा, ० ते १ मधला.

यात सह्याद्रीची स्वतःची अडचण आहे. जुलैच्या लोंढ्यात तळ अक्षरशः धुऊन निघतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये जाळी लावली तर निरोगी ओढाही रिकामा दिसेल. इथे नमुना घ्यायचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, आणि तुलना डिसेंबरची डिसेंबरशीच. दुसरी अडचण खाली येते. हे किडे खाऱ्या पाण्यात राहतच नाहीत. गांज्याच्या खाली त्यांचे गुण बिनकामाचे, तिथे शिंपले, चिखलातले जीव, तिवरांची उगवती रोपं आणि माशांच्या पिल्लांकडे वळावं लागतं. एका खोऱ्याला वरपासून खालपर्यंत एकच फूटपट्टी लागत नाही.

माशांसाठी अमेरिकन संशोधक जेम्स कार यांनी १९८१ मध्ये एक पद्धत सुचवली. नुसती माशांची मोजणी न करता किती जाती आहेत, त्यात संवेदनशील किती, काहीही खाऊन जगणाऱ्या किती, रोगट किती, असे बारा निकष एकत्र करायचे. म्हादईत हे करायचं तर एक निकष मी आपला म्हणून घालेन, पहिल्या पावसात चढणारे मासे किती वरपर्यंत पोचतात. मध्ये बंधारे आले की ही चढण तुटते, आणि बंधाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. प्रत्येक बंधारा उन्हाळ्यात पाणी अडवून गावाचा फायदा करतो, पण फळ्या वेळेवर काढल्या नाहीत तर जूनचा मासा खालीच डोकं आपटत बसतो.

सगळ्या मोजमापांची मेख मात्र वेगळीच आहे. एखाद्या ओढ्याला ६.२ गुण मिळाले तर ते चांगले की वाईट? त्या ओढ्याला मुळात किती मिळायला हवे होते हे माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आधी संदर्भ ठरवतात, माणसाने फारसा हात न लावलेला, त्याच प्रकारचा, त्याच उंचीवरचा, त्याच खडकावरचा ओढा. म्हादईचं भाग्य असं की असे ओढे अजून शिल्लक आहेत. १९९९ मध्ये जाहीर झालेलं म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे, वर कर्नाटकात भीमगडचं अभयारण्य आहे. २००७ मध्ये इथल्या देवगांडुळाची, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचराची, एक नवी जात नोंदली गेली, तिला नावच म्हादईवरून दिलं. तिथल्या ओढ्यांतून वरच्या नदीचं मूळ रूप मोजता येतं. खालच्या मांडवीसाठी मात्र असा अस्पर्श जोडीदार उरलेला नाही, तिथे जुन्या नोंदी, जुने नकाशे आणि म्हाताऱ्या रापणकार मच्छीमारांच्या आठवणी यांवरून संदर्भ उभा करावा लागतो.

मग येतो वाटलेल्या खोऱ्याचा खास प्रश्न. तीन राज्यं, तीन प्रदूषण मंडळं, तीन प्रयोगशाळा. एकाने जाळी तीन मिनिटं धरली आणि दुसऱ्याने एक मिनिट, तर आकडे जुळणार कसे? डॅन्यूब नदीचं खोरं १९ देशांत पसरलं आहे. तिथे २००१, २००७ आणि २०१३ मध्ये एकाच मुख्य चमूने जहाजाने नदीभर फिरून, एकाच पद्धतीने नमुने घेतले. प्रत्येक देशाचे आपापले आकडे आधीपासून होतेच, पण ते शेजाऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघता यावेत म्हणून हा खटाटोप. आग्नेय आशियात मेकाँगच्या आयोगात कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम हे चार देश १९९५ पासून एकत्र आहेत, पण नदीचं वरचं अंग ज्या चीनमध्ये आहे तो सदस्य नाही. वरचा शेजारी टेबलाशी नसला की खालच्यांनी कितीही चोख मोजलं तरी अर्धी गोष्ट हाताबाहेर राहते. आपल्याकडे निदान हे दुखणं नाही, लवादाचा निवाडा अमलात आणायला केंद्राने २०२३ मध्ये नेमलेल्या 'प्रवाह' प्राधिकरणात तिन्ही राज्यांना बसावंच लागतं. तिथे पाण्याचं माप होणार. त्याच टेबलावर जाळीची मिनिटं, नमुन्याचा महिना आणि खारट रेषेचं अंतर ठरवायला कायदा आड येईल असं मला वाटत नाही. इच्छा आड येईल. कारण एकदा सामाईक आकडे जाहीर झाले की कर्नाटकाला 'दोनच टक्के' म्हणता येणार नाही, आणि म्हापशाच्या नदीचा आकडा समोर आल्यावर गोव्यालाही फक्त वर बोट दाखवता येणार नाही.

आकडे गोळा झाले तरी शेवटी एक निकाल द्यावा लागतो, आणि तिथे मोठी गंमत होते. प्रवाहाला ८०, रसायनाला ७५, किड्यांना ७०, माशांना २० गुण मिळाले तर सरासरी येते साठाच्या वर. हिरवा रंग. युरोपात २००० च्या जलनिर्देशाने अशी सरासरी मान्यच केली नाही. पर्यावरणाच्या कसोट्यांपैकी जी सगळ्यात वाईट, तोच त्या नदीचा दर्जा. त्या हिशेबाने हीच नदी लाल. युरोपीय पद्धत निर्दयी आहे अशी टीका होते, कारण खूप पैसा खर्चून चार गोष्टी सुधारल्या तरी पाचवी अडली की दर्जा हलत नाही. मला तरी ती बरी वाटते, सरासरीत मासा बुडून जातो. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंगचं खोरं चार राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात वाटलेलं, भांडणं आपल्याहून जुनी. तिथे २००८ मध्ये मासे, तळाचे जीव आणि प्रवाह या तीन अंगांनी २३ नदीखोऱ्यांचा लेखाजोखा मांडला, तर 'चांगली' एकच निघाली, पारू. इतका कडू निकाल सगळ्या राज्यांनी एकत्र बसून छापला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता म्हादईकडे. पाणी वळवल्याने काय झालं हे पुढे कधी सिद्ध करायचं असेल, तर फक्त नंतरचे आकडे चालणार नाहीत. पावसाळे सारखे नसतात, एखादं वर्ष कोरडं गेलं तर दोष कालव्याचा की पावसाचा? यावर तोडगा असा, की पाणी उचलायच्या नाल्यावर आधीपासून मोजायचं, आणि शेजारच्या, कुणी हात न लावणार अशा नाल्यावरही त्याच दिवशी, त्याच पद्धतीने मोजायचं. नंतर दोन्ही पुन्हा मोजायचे. दोन्ही सारखेच खालावले तर पाऊस. एकच खालावला तर कालवा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्ज थांबल्या, तेव्हा गाळाच्या बाबतीत अशीच तुलना करायची संधी होती. आधीची मोजणी ठरवून, सलग केलेली असेल तरच अशी संधी कामाला येते.

या 'आधी'ला किती वर्षं लागतात? निदान तीन पावसाळे हवेत, एक बरा, एक कमी, एक जास्त पडला तर उत्तम. कणकुंबीत कालव्याचं खोदकाम कधीच झालेलं आहे, तेव्हा कळशाचं शुद्ध 'आधी' हातचं गेलं. तिथे आता शेजारच्या ओढ्यांवरून अंदाजच बांधावा लागेल. पण जिथे यंत्रं अजून पोचलेली नाहीत, तिथे येत्या डिसेंबरात जाळी, पांढरं ताट, थर्मामीटर आणि खारटपणा मोजायचं हातातलं यंत्र घेऊन गेलं, तर सुरुवात होते. त्यासाठी लागणारी सामग्री एका जीपमध्ये मावते.